दहाव्याचा फोन

"मंजे, कावळा शिवंना," दिगूदादा फोनवर म्हणाला.

मी जपानमध्ये, मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसात, निशिदाबाईंच्या टेबलापाशी उभी होते. दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर गुडघाभर बर्फ होता. तिकडे संगमनेरला, प्रवरेच्या घाटावर, साडेदहा झाले असणार. भाऊंना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन त्या दिवशी दहावा दिवस होता.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"पिंड ठेवून तास उलटून गेला. समोरच्या भिंतीवर दोन बसलेत. इकडं बघत्यात आन् तोंड फिरवत्यात."

"सगळ्यांनी बोलून पाहिलं?"

"सगळ्यांनी. पोपटमामा म्हनले, बहिणीला अंतर देनार नाही. मी म्हनलो, छापखाना इकनार नाही. धाकटे काका म्हनले, बांधाचं भांडण मिटवतो. कशाला काही नाही." तो जरा थांबला. "आता तूच राह्यली, मंजे."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्यात बी.ए. करता करता संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकले, बरे मार्क पडले आणि उत्तर जपानमधल्या एका ख्रिस्ती विद्यापीठानं दोन वर्षांसाठी बोलावलं. विभागाचं नाव 'परकीय भाषा आणि संस्कृती'. तिथल्या मुली इंग्रजी, जर्मन, कोरियन शिकायच्या आणि बाहेरून आलेल्या आम्ही सात-आठ जणी जपानी. रोज सकाळी वर्गाआधी वीस मिनिटं चॅपलमध्ये बसणं सक्तीचं. आमच्या घरात खंडोबाचा टाक आणि दारावर गणपती, पण मला त्या वीस मिनिटांचा कधी जाच वाटला नाही. प्रार्थना रोज त्याच, त्यामुळे कानावर पडून पडून पाठ झाल्या. देवाशी बोलायचं जपानी मला भाजीवाल्याशी बोलायच्या जपानीच्या आधी आलं. पहिल्या महिन्यात मी असा काही कोबी मागितला की म्हातारा दुकानदार गल्ल्यावरून उठून उभाच राहिला.

निघताना संगमनेरच्या स्टँडवर भाऊ चारचौघांत म्हणाले होते, "दोन वर्षं. मग घरी." भाऊंचा छापखाना होता आणि बोलणंही तसंच, लागेल तेवढ्याच अक्षरांचं.

ती दोन वर्षं मार्चमध्ये संपणार होती. नोव्हेंबरात आमच्या ओगावासरांनी मला बोलावून सांगितलं, की आणखी दोन वर्षं राहिलीस तर एम.ए. होशील, विद्यापीठ सगळं बघेल, फक्त पालकांची सही असलेला संमतीचा कागद जानेवारी संपायच्या आत हवा. मी तो कागद एका लांबलचक पत्रासोबत भाऊंना पाठवला. उत्तराची वाट बघत होते आणि उत्तराला घाबरतही होते. बारा जानेवारीला भाऊ छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता स्टुलावरून कलले आणि दवाखान्यात न्यायच्या आत गेले. तिसऱ्या दिवशी दादानं फोनवर एवढंच सांगितलं, "तुझा कागद भाऊंच्या खणात सापडला. पाकीट फोडलेलं हाय. सही नाही."

भाऊंनी पत्र वाचून सही करायची नाही असं ठरवलं होतं, की करायची राहून गेली होती, हे सांगणारं कुणीच उरलं नव्हतं. आता माझा पालक दादा होता. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही, पण दोघांपैकी कुणी ते तोंडातून काढलं नाही.

मी घरी गेले नाही. बर्फामुळे विमानं तीन दिवस बंद होती आणि नंतर आईच म्हणाली, "आता येऊन काय बघणार आहेस, बाई? परीक्षा दे." मी परीक्षा दिली. दहा दिवसांत मी रडले नाही. रडायला सोबत कुणी लागतं, निदान मला तरी लागतं.

दहाव्याचं मी निशिदाबाईंना सकाळी सांगितलं होतं. या आमच्या वसतिगृहाच्या प्रमुख. साठी उलटलेल्या, विधवा, चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि उरलेल्या वेळात कावळ्यांशी लढायच्या. तिथले कावळे आपल्या दुप्पट, आडदांड. कचऱ्याच्या पिशव्या फाडून रस्ताभर करतात म्हणून बाईंनी पिशव्यांवर निळी जाळी टाकली होती आणि दाराशी झाडू तयार ठेवलेला असायचा. त्यांना मी म्हटलं, की आज घरी नदीवर भाताचे गोळे ठेवतील, कावळा शिवेपर्यंत कुणी काही खाणार नाही आणि मीही खाणार नाही.

"कावळा?" त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "तो कावळा?"

"तोच."

"तुम्ही त्याला बोलावता?"

"हात जोडून."

बाईंनी पुन्हा एकदा खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "घरून फोन आला तर इथे घे. मी बसलेली असेन."

आमच्या संस्कृतीच्या तासाला आदल्या वर्षी प्रत्येकीनं आपल्याकडची एक रीत समजावून सांगायची होती. मी काकस्पर्श निवडला होता. फळ्यावर घाट काढला, पिंड काढले, कावळा जरा कोंबडीसारखा झाला. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग नातेवाईक एकेक करून शब्द देतात, असं सगळं मी अगदी टापटीप जपानीत सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "आणि कावळ्याला भूकच नसेल तर?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि काहीतरी चटपटीत उत्तर दिलं. मला त्या तासाला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. तोवर मी एकदाही घाटावर उभी राहिले नव्हते.

आता फोन हातात होता.

"मी काय बोलू, दादा?"

"मला काय इचारती? भाऊंचा जीव कशात अडकलाय ते तुला ठाऊक हाय."

"तू सांग."

"स्टँडवर काय म्हनले होते? दोन वर्षं. मग घरी. तेवढं म्हन. मी परत येते म्हन. बाकी काही नको."

आमच्या घरात पिंडासमोर दिलेला शब्द मोडत नाहीत. आजोबांच्या दहाव्याला काकांनी तंबाखू सोडली, ती पुन्हा कधी तोंडात घातली नाही. मी एकदा 'येते' म्हटलं असतं तर ओगावासर, एम.ए., पुढचं सगळं तिथेच संपलं असतं. आणि नाही म्हटलं तर भाऊ उपाशी नदीकाठी उभे आहेत, असं मला खरोखर दिसायला लागलं. वर्गात मी त्याला 'लोकसमजूत' म्हटलं होतं. ऑफिसात उभी राहून मला तो शब्द आठवला आणि स्वतःची लाज वाटली.

"थांब," दादा म्हणाला, "मोबाइल पिंडाजवळ धरतो. मोठ्यानं बोल. भाऊंना ऐकू जाऊ दे."

मोबाइल पोपटमामांचा होता. थोडी खरखर झाली. मग लांबून मामांचाच आवाज आला, "अरे, त्या चहावाल्याला सांगा, पंचवीस कप म्हनावं. दोन बिनसाखरेचे. आन् गुरुजींना दूध."

मी ते ऐकलं, आणि आधी नुसतंच ऐकलं. मग डोक्यात शिरलं. चहा. दहाव्याला कावळा शिवल्याशिवाय कुणी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. पोपटमामा तर रीतीचे इतके पक्के की घाटावर कुणी बडीशेप काढली तरी डोळे वटारतील. आणि मामा चहा सांगत होते. मागे कुणीतरी हसलं, कुणी पंचा पिळत होतं, भांडी पिशवीत टाकल्याचा खणखणाट झाला. ही वाट बघणारी माणसं नव्हती. त्यांचं उरकलं होतं.

"धरलाय पिंडाजवळ," दादा म्हणाला. "बोल आता."

पण माझ्या कानात त्याचा श्वास येत होता. त्याला सर्दी झाली होती, जानेवारीच्या थंडीत डोकं भादरून नदीत बुडी मारली की होणारच. लहानपणी आम्ही एका वाकळेखाली झोपायचो, तेव्हा हिवाळाभर मी हेच घरघरणं ऐकलं होतं. मोबाइल पिंडाजवळ नव्हता. दादा कुठेतरी बाजूला जाऊन उभा होता आणि मोबाइल त्याच्या स्वतःच्याच कानाला होता.

कावळा केव्हाच शिवून गेला होता. फोन त्यानंतर केला होता.

मला संताप आला. भाऊंच्या नावानं? आजच्या दिवशी? "दादा, खोटं बोलतोस?" एवढं म्हणायला मी तोंड उघडलं. निशिदाबाईंनी मान वर करून पाहिलं.

तेवढ्यात कानातला श्वास अडखळला. दादा रडत होता, आणि मला कळू नये म्हणून दाबून धरत होता. भाऊ गेल्याचं सांगतानासुद्धा हा माणूस गाडीची वेळ सांगावी तसा बोलला होता. मी तोंड मिटलं.

"भाऊ," मी म्हणाले. "मी मंजू बोलतेय. ऐकू येतंय ना?"

श्वास थांबला.

"भाऊ, तुम्ही स्टँडवर म्हणालात, दोन वर्षं. माझ्या ध्यानात आहे. पण मला अजून दोन हवीत. मला हे जमतंय, भाऊ. आजवर कुठली गोष्ट मला एवढी नीट जमली नव्हती. तुम्ही पत्र वाचून काय म्हणाला असता, मला माहीत नाही. आता ते कधीच कळायचं नाही."

निशिदाबाईंनी समोरचं रजिस्टर मिटलं. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण त्या हलल्या नाहीत.

"तुम्ही गेलात तेव्हा मी नव्हते. दादा होता. तुमचा हात मशीनमध्ये सापडला, तेव्हाही दादाच होता. त्याची बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. तो म्हणाला, चार दिवस मी उभा राहतो मशीनवर. ते चार दिवस अजून संपले नाहीत, भाऊ. त्याला शिकायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही. तुम्ही नाही, आईनं नाही. मी तर नाहीच नाही. मी त्याचीच सायकल घेऊन क्लासला जायचे."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आता घरात आई आणि तो. त्याला धास्ती वाटत असेल. मलाही वाटते. मला तर इथे तुमचं नाव घेऊन रडायलासुद्धा कुणी नाही. त्याला माझी गरज असेल, भाऊ, तर मी येईन. पण त्यानं सांगावं. कावळ्यानं नको. दादानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, 'मंजे, ये.' मी ह्या खोलीतून वर जाते आणि बॅग भरते. का म्हणून विचारणार नाही. पुढेही कधी विचारणार नाही. फक्त म्हणायचं त्यानं."

माझं बोलणं संपलं. हे मी डाव म्हणून बोलले नव्हते. त्यानं 'ये' म्हटलं असतं तर मी गेले असते, मार्चची वाटसुद्धा न बघता. गेले असते, आणि पुढे वर्षानुवर्षं मनात धरून बसले असते, हेही मला तेव्हाच कळत होतं. एका हातानं मी टेबलाची कड घट्ट धरली होती.

लांबून मामांनी हाक मारली, "दिगंबर! चल रे, खोळंबलेत सगळे."

दादानं नाक ओढलं. मग एकदम मोठ्यानं, घाटावरच्या सगळ्यांना सांगावं तसा, ओरडला, "शिवला!" आणि लगेच हळू आवाजात, "शिवला बघ, मंजे. आत्ता शिवला."

"बरं," मी म्हणाले.

"तुझं ऐकलं त्यानं."

"हो."

"थंडी हाय का तिकडं?"

"आहे. बर्फ आहे."

"सोटर घालीत जा," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. दहा दिवसांचं रडू तेव्हा आलं. अगदी गावाकडच्यासारखी, मोठ्यानं, भाऊंचं नाव घेऊन रडले. जपानमध्ये असं कुणी रडत नाही. निशिदाबाई खुर्चीतून उतरून माझ्यासमोर जमिनीवर, पाय दुमडून बसल्या. हात लावला नाही, थोपटलं नाही. माझं होईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, "आला का तो?"

"आला," मी म्हणाले.

त्या उठल्या, कपाटातून दोन डबे काढले आणि किटली चालू केली. दोन्ही डबे भरलेले होते. मी घड्याळ पाहिलं, अडीच वाजत आले होते आणि बाईंचं जेवण बाराच्या ठोक्याला व्हायचं.

"तुम्ही जेवला नाहीत?"

"तुझं झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. जेवायच्या आधी त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटून हात जुळवले. त्या दिवशी जरा जास्त वेळ लागला. त्यात भाऊंचं नाव होतं का, मी विचारलं नाही.

संमतीचा कागद तीस तारखेला कुरियरनं आला. पालकाच्या जागी दादानं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, एकेक खिळा बसवावा तसं, आपलं नाव लिहिलं होतं आणि खाली सही. सोबत चिठ्ठी नव्हती. मी राहिले. दोनाची सहा वर्षं झाली. मग परत आले आणि पुण्यात दुभाषी म्हणून कामाला लागले. दादानं खिळे मोडीत काढून ऑफसेट घेतलं, लग्न केलं, आईचं शेवटपर्यंत बघितलं. फोनचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

म्हणजे दोघं असताना काढला नाही. चारचौघांत दादा तो काढतोच. कुठलंही कार्य असो, पंगत बसली की सुरू होतो: भाऊंचा कावळा कसा शिवेना, सगळे कसे हरले, आणि मंजू जपानवरून बोलली तसा कसा झेप टाकून आला. दरवर्षी कावळे वाढतात. दोनाचे दहा झाले, आता भिंतभर झालेत. पोपटमामा, ज्यांनी तेव्हा बिनसाखरेचा चहा मागवला होता, ते आता छातीवर हात ठेवून सांगतात, "या डोळ्यांनी पाह्यलंय." घरात आलेल्या नव्या सुना माझ्याकडे जरा बिचकूनच बघतात. तू काय बोललीस असं कुणी विचारलं, की मी म्हणते, आठवत नाही गं. आणि दादा त्या वेळी हमखास पाणी वाढायला उठतो.

गेल्या वैशाखात दादाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. संध्याकाळी बाहेरची माणसं गेल्यावर घरचेच जेवायला बसलो. त्याची मुलगी केतकी सोळा वर्षांची आहे, आणि एकदा धरलं की सोडत नाही.

"आत्या, आज सांगायचंच. तू आजोबांना नक्की काय म्हणालीस?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला लागले, तेवढ्यात शेजारून दादाच म्हणाला, "ती म्हनली, तू नुसतं ये म्हन. मी बॅग भरते."

"कुणाला म्हणाली? आजोबांना?"

दादा पाणी आणायला उठला नाही. ताटातली कोशिंबीर इकडची तिकडे करत राहिला. वहिनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागली. माझा घास हातातच राहिला.

"पप्पा, कुणाला म्हणाली?"

"मला," दादा म्हणाला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी?" त्यानं वर पाहिलं, पण केतकीकडे नाही, माझ्याकडे. "ये म्हनायलाच तोंड उघडलं होतं, मंजे. देवाशप्पथ. आन् निघालं, शिवला."